आधी डबा, मग ज्योत: घरासाठी गॅस टॉर्च निवडताना

हार्डवेअरच्या दुकानात गॅस टॉर्च मागितला की आधी नजरेत भरतो तो खोक्यावर ठळक छापलेला आकडा. तेराशे अंश, पंधराशे अंश, कुठे त्याहूनही जास्त. ज्याचा आकडा मोठा तो सेट चांगला असं वाटतं आणि तोच घरी येतो. टॉर्च या आकड्यावरून निवडू नये. ब्युटेन असो की प्रोपेन, हवेत नीट जळला तर त्याच्या ज्योतीचं कमाल तापमान हिशेबाने साधारण १,९७० ते १,९८० अंश सेल्सियस निघतं. पेन्सिलएवढ्या टॉर्चची ज्योत आणि गच्चीवर डांबरी मेंब्रेन चिकटवायच्या हातभर टॉर्चची ज्योत, तापमानात दोन्ही जवळपास सारख्याच.

फरक पडतो तो तासाला किती गॅस जळतो त्याने. एक किलो गॅस जळला की साधारण पावणेतेरा युनिट उष्णता मिळते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. त्या हिशेबाने तासाला १० ग्रॅम गॅस खाणारा छोटा टॉर्च सव्वाशे-दीडशे वॅटचा झाला आणि तासाला १५० ग्रॅम जाळणारा १,९०० वॅटचा. तांब्याच्या हंड्यावर छोटा टॉर्च अर्धा तास धरला तरी डाग वितळत नाही, याचं कारण हेच. ज्योत गरम असते, पण तांबं ती उष्णता भराभर सगळ्या अंगभर पसरवतं आणि जोडापाशी काही उरत नाही. म्हणून दुकानदाराला तापमान विचारण्यापेक्षा तासाला किती ग्रॅम गॅस लागतो ते विचारा. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो.

आणि त्याच्याही आधी गॅसचा डबा बघा. टॉर्च एकदा घेतला की वर्षानुवर्षं टिकतो, डबे मात्र परत परत घ्यावे लागतात. ज्या जातीचा डबा तुमच्या गावात सहज मिळत नाही, तो सेट कितीही देखणा असला तरी दोन महिन्यांनी माळ्यावर जातो. तेवढ्यावर थांबलं तरी बरं. डबा मिळेना म्हणून लोक भलताच गॅस भलत्या डब्यात भरायला बघतात, आणि घरगुती टॉर्चच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या प्रकाराची.

टॉर्च लागतोच का?

पैसे खर्च करण्यापूर्वी कामं आठवून बघा. आजकाल घरातलं प्लंबिंग बहुतेक सीपीव्हीसीचं असतं आणि ते सॉल्व्हंट सिमेंटने चिकटतं. तिथे ज्योतीचं काही काम नाही. पीपीआर पाइपला विजेवर चालणारं जोडणीचं मशिन लागतं. मोबाईल, रिमोट, एलईडी बल्ब यांच्या सर्किटला साधी सोल्डरिंग आयर्न हवी. वायरवर श्रिंक स्लीव्ह बसवायची असेल तर हॉट एअर गन उत्तम, कारण स्लीव्ह शंभर-सव्वाशे अंशांतच आक्रसते आणि उघड्या ज्योतीत करपते. जाड केबलला लग बसवताना डाग देण्यापेक्षा क्रिंप करणं जास्त भरवशाचं. खिडक्यांचा जुना ऑइलपेंट तर टॉर्चने मुळीच जाळू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते आणि तो धूर घरातली लहान मुलं श्वासात घेतात.

मग उरतं काय? गंजून बसलेले नट आणि कोयंडे. गळणारी कळशी, हंडा, पितळी पिंप. बागेतल्या फवारणी पंपाची पितळी नळी. नायलॉनच्या दोरीची टोकं. कुणाला शोभेच्या वस्तू किंवा दागिने जोडायचा नाद असतो. एवढ्यासाठी टॉर्च खरोखर उपयोगी आहे आणि हाताशी असला की कामं अडत नाहीत. यातलं एकही काम तुमच्या घरात नसेल, तर हा लेख वाचून टॉर्च न घेण्याचं ठरवलंत तरी मला आनंदच होईल.

चार जातींचे डबे

पहिली जात म्हणजे टॉर्चच्या मुठीतच टाकी. लायटरमध्ये भरायचा ब्युटेन तिच्यात भरायचा. टाकीत जेमतेम १०-१५ ग्रॅम गॅस मावतो. बारीक कामाला, दागिन्याच्या कडीला, दोरीच्या टोकाला हा टॉर्च पुरेसा. यातच थ्री-इन-वन म्हणून जो सेट मिळतो, त्यात ज्योत, गरम हवा आणि सोल्डरिंगचं टोक असं तिन्ही असतं. वीज नसलेल्या जागी काम करणाऱ्याला तो खरंच सोयीचा. मात्र लायटरच्या शुद्ध केलेल्या ब्युटेनला स्वयंपाकाच्या गॅससारखा उग्र वास बहुधा नसतो. गळती नाकाला कळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी जात म्हणजे फवाऱ्याच्या डब्यासारखा उंच, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचा ब्युटेनचा डबा. सुटकेससारख्या पेटीतल्या छोट्या शेगडीला हाच लागतो. गळ्याशी पत्र्याची कड असते आणि तिला एक खाच. टॉर्चचं टोक त्या खाचेत बसवून फिरवलं की जोड पक्का होतो. घरगुती दुरुस्तीसाठी मी हीच जात सुचवेन. डबा बऱ्याच ठिकाणी मिळतो, टॉर्च काढून डबा वेगळा ठेवता येतो, आणि तासाला १५० ग्रॅम धरले तरी दीड तासाचं काम एका डब्यात होतं. सलग एवढा वेळ टॉर्च लावायची वेळ घरात क्वचितच येते.

तिसरी जात सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक करणाऱ्यांच्या ओळखीची: बुटका, घुमटासारखा, वर आटे असलेला डबा. त्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना, म्हणून थंडीत नुसता ब्युटेन मंदावतो तेव्हाही हे मिश्रण चालतं. महाराष्ट्रात शून्याची थंडी सहसा पडत नाही, पण आतला द्रव गॅस बाष्प होताना स्वतःच डबा गार करतो. डिसेंबरातल्या निफाडच्या पहाटे दहा मिनिटं सलग काम केलं की डब्यावर दव धरतं आणि ज्योत बारीक होते. अशा वेळी डबा गरम पाण्यात ठेवण्याचा किंवा उन्हात तापवण्याचा खटाटोप करू नका. पाच-दहा मिनिटं थांबा, डबा आपोआप पूर्ववत होतो.

चौथी जात एसी मेकॅनिककडे दिसते, चारशे ग्रॅमची उंच पिवळी टाकी, मॅप गॅस म्हणून विकली जाणारी. मूळ मॅप गॅसचं उत्पादन उत्तर अमेरिकेत २००८ मध्ये थांबलं; आज त्या नावाने मिळतो तो मुख्यतः प्रोपिलीन. तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग, म्हणजे कथिलाऐवजी पितळी किंवा चांदीच्या मिश्रधातूचा पक्का जोड, करायला तो चांगला. घरात त्याची गरज नाही.

आता त्या भीतीबद्दल. रिकामा झालेला ब्युटेनचा डबा स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून परत भरून देणारे लोक असतात, त्यासाठीची नळीही विकायला दिसते. हे कधीही करू नका. ४० अंश तापमानाला डब्यातल्या शुद्ध ब्युटेनचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण चौपट असतो, प्रोपेनचा साडेतेरापट. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये दोन्ही असतात, त्यामुळे त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त होतो. एकदाच वापरायचा पातळ पत्र्याचा डबा त्या दाबासाठी केलेलाच नसतो. त्यात घाईत तो काठोकाठ भरला गेला, तर उन्हात फुगणाऱ्या द्रवाला आत जागाच उरत नाही.

घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला टॉर्च जोडणंही तितकंच चूक. एक तर घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला कायद्याने मनाई आहे. दुसरं, घरचा रेग्युलेटर गॅसचा दाब फार कमी, सुमारे ३० मिलिबारवर आणून सोडतो, तर सिलिंडरला नळीने जोडायच्या टॉर्चला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. ज्योत नीट लागत नाही म्हणून मग रेग्युलेटरशी खेळ सुरू होतो. घरच्या कामाला नळीचा टॉर्च घेऊच नका.

दुकानात हातात घेऊन बघताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत गेलात तर एकाच काउंटरवर डझनभर टॉर्च दिसतील. ऑनलाइन घेण्यापेक्षा असं हातात घेऊन बघणं मी पसंत करतो, कारण ज्या दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत त्या फोटोत दिसत नाहीत.

नॉब पूर्ण उघडून पूर्ण बंद करा. बंद होताना तो कुठेतरी ठाम थांबला पाहिजे. फिरतच राहणारा किंवा सैल नॉब नको. डब्याला लागणाऱ्या तोंडात रबराची बारीक रिंग असते, ती बोटाने चाचपा. तडकलेली, चपटी झालेली किंवा तिरकी बसलेली असेल तर तो नग बाजूला ठेवा, आणि तशी सुटी रिंग मिळते का ते विचारून ठेवा, कारण सगळ्यात आधी खराब होते ती हीच. दुकानदाराला टॉर्च डब्यावर बसवून दाखवायला सांगा. खाच जुळवून फिरवल्यावर डबा डुगडुगत असेल, तर त्या दोघांचं जमत नाही असं समजा.

यानंतरची गोष्ट मात्र निवडीचा फैसला करणारी. साधा टॉर्च आडवा किंवा पालथा केला की डब्यातला गॅस बाष्प न होता द्रव स्वरूपातच नळीत उतरतो आणि निळी ज्योत क्षणात पिवळ्या भडक्यात बदलते. घरातलं काम तर बहुतेक वेळा ओट्याखाली, कोपऱ्यात, टॉर्च वाकडा करूनच होतं. यासाठी काही टॉर्चमध्ये गॅस आधी गरम नळीतून फिरवून मग बाहेर सोडायची सोय असते आणि तो उलटा धरला तरी चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. थोडे पैसे जास्त पडले तरी हाच घ्या. सोय असली तरी पेटवल्यावर पहिलं मिनिट-दोन मिनिटं टॉर्च उभाच धरावा लागतो. नळी तापल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

खटक्याने पेटणारा टॉर्च सोयीचा, पण पावसाळ्याच्या दमट हवेत खटका अधूनमधून रुसतो. तेव्हा हातात ठिणगीचा लायटर असावा. ज्योत आपोआप चालू राहावी म्हणून खटका अडकवून ठेवायची कळ असलेले टॉर्चही मिळतात. एकट्याने काम करताना ती कळ वापरू नका. टॉर्च हातातून सुटला तर ज्योत विझलीच पाहिजे.

सेट म्हणून जी पेटी मिळते, तिच्यातली निम्मी टोकं घरी कधी वापरली जात नाहीत. पण सोल्डरची तार आणि फ्लक्स, म्हणजे जोडावरचा मळ काढणारा लेप, काय दिलेत ते जरूर वाचा. साध्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं, ती १८३ ते १९० अंशांत वितळते. इलेक्ट्रॉनिक्सला ठीक. पाण्याच्या, खाण्याच्या भांड्याला ही तार कधीही लावू नका. त्यासाठी शिसं नसलेली तार वेगळी घ्या, वेष्टनावर कथील ९९.३ आणि तांबं ०.७ असं प्रमाण असतं. ती २२७ अंशांना वितळते. आम्ल असलेला फ्लक्स धातूवर छान चालतो, पण काम झाल्यावर गरम पाण्याने आणि ब्रशने धुवून काढला नाही तर तोच जोड खातो. वांग्याच्या भरतासाठी किंवा आणखी कशाला स्वयंपाकघरात टॉर्च हवा असेल तर तोही वेगळा ठेवा, डाग देण्याचा त्यासाठी नको.

कळशीला डाग देताना

तांब्याची कळशी बुडाच्या जोडाशी झिरपते आहे, असं समजू. आधी ती दोन दिवस पालथी ठेवून पूर्ण वाळवा. जोडात पाण्याचा थेंब जरी राहिला तरी तो वाफ होऊन निघेपर्यंत तांबं शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि डाग धरत नाही. मग जोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर पट्टा पॉलिश पेपरने घासा. नुसती काळपटी जाऊन भागत नाही, नवं गुलाबी तांबं दिसलं पाहिजे. घासल्यावर तिथे बोट लावू नका. लगेच फ्लक्स लावा.

आता ज्योत. टॉर्चच्या निळ्या ज्योतीत आत एक ठळक सुळका दिसतो. सगळ्यात जास्त उष्णता त्या सुळक्याच्या टोकाच्या जरा पुढे असते. सुळका धातूवर टेकवायचा नाही, टोक जरा दूर धरायचं आणि ज्योत जोडाच्या दोन्ही अंगांना सारखी फिरवत राहायची. फ्लक्स आधी फेसाळतो, मग शांत होऊन पाण्यासारखा पातळ दिसतो. तेव्हा ज्योत किंचित बाजूला घ्या आणि तार धातूला लावून बघा. ज्योतीने तार वितळवायची नसते. तापलेल्या तांब्याला टेकल्यावर ती स्वतःच विरघळली पाहिजे. वितळलेलं कथील उष्णतेकडे ओढलं जातं, म्हणून तार जोडाच्या एका अंगाला लावा आणि ज्योत दुसऱ्या अंगाला ठेवा. चकचकीत रेघ जोडात आत शिरताना डोळ्यांना दिसते. ती दिसली की ज्योत काढा. कथील घट्ट होईपर्यंत कळशी हलवू नका, नाहीतर डाग मळकट, खडबडीत होतो आणि पुन्हा झिरपतो.

दारोदार येणाऱ्या कल्हईवाल्यांचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. भांडं भात्याच्या भट्टीवर तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, त्या पांढऱ्या धुरात भांड्याचा मळ जातो, मग कथील टेकवून कापसाने पसरवायचं. नवसागर म्हणजे त्यांचा फ्लक्स, आणि कथील वितळतं २३२ अंशांना. त्यांच्या हाताला भांडं किती तापलं ते रंगावरून आणि वासावरून कळतं. घरी डाग देणाऱ्याने तेवढी सफाई यायची वाट बघू नये, पण आधी जुन्या, टाकाऊ पत्र्यावर हात बसवावा.

पाणी तापवायच्या बंबाच्या आतल्या नळीला मात्र असा डाग देऊ नका. पाणी भरलेलं असेपर्यंत तो टिकेल. पाणी कमी होऊन निखाऱ्याची धग थेट लागली की कथील वितळून जाईल. तिथे साडेचारशे अंशांच्या वर वितळणाऱ्या पितळी किंवा चांदीच्या मिश्रधातूचा पक्का जोड लागतो. बंब तांबट किंवा कासाराकडेच न्या. पुण्याच्या तांबट आळीत आजही हे काम जाणणारे हात आहेत.

गंजलेल्या नटाचं काम त्यामानाने सोपं. नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, गंजाची पकड सुटते. लाल होईपर्यंत तापवायची गरज नसते. गंज सोडवणारा स्प्रे आधी मारला असेल तर तो पुसून कोरडा करा, आणि तापलेल्या नटावर तर तो मारूच नका, पेट घेतो.

काय कधीच तापवू नये

बंद टाकी, पिंप, दोन्ही तोंडं बंद असलेली नळी. रिकामी वाटली तरी. पेट्रोलची टाकी धुतलेली असली तरीही नाही. गीझरच्या नटालाही टॉर्च नको.

फ्रिज आणि एसीच्या नळ्यांना हात लावू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेनच असतो, टॉर्चमध्ये जळतो त्याच जातीचा वायू. एसीतले वायू ज्योतीत सापडले तर त्यांच्यापासून विषारी वायू तयार होतात. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जोरात तापला की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी-ताप भरतो. पितळ लाल करून ठेवलं तरी तेच. नळाच्या आट्यांत गुंडाळलेली टेफ्लॉनची टेप आणि नॉनस्टिक भांड्यांचा थर, दोन्हींचा धूर घातक. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी रंग बदलून इशारा देत नाही. कुकरचं झाकण किंवा कान तापवायला गेलात तर बघता बघता भोक पडेल.

काम कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून करू नका. एकाच जागी उष्णता लागली की दगड तडकतो. ओलसर दगड किंवा काँक्रीट असेल तर त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. भट्टीच्या दोन विटा आणून ठेवा, कायमचं काम होईल. डोळ्यांवर चष्मा, अंगावर सुती कपडे, पदर किंवा ओढणी खोचलेली. शेजारी पाण्याची बादली आणि शक्य असेल तर छोटं अग्निशामक नळकांडं. जागा खिडक्या उघड्या असलेली हवी, आणि न्हाणीघर नकोच: हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे, तो मोरीत, ओट्याखाली, जिन्याखाली साचून राहतो.

डबा बसवला की प्रत्येक वेळी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. पाऊण मिनिट लागतं. जोडापाशीच ज्योत लागली तर नॉब बंद करा. बंद होत नसेल तर डबा तिथेच सोडून घरच्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ वर फोन करा. लाकूड, पडदे, गोणपाट यांच्या जवळ काम केलं असेल तर टॉर्च विझवल्यावर अर्धा-पाऊण तास त्या जागेवर लक्ष ठेवा.

ठेवताना टॉर्च डब्यावरून काढा, टोपण लावून डबा उभा ठेवा. ५० अंशांच्या पुढे डबा तापू नये अशी सूचना त्याच्यावरच असते. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत हे तापमान गाठलं जातं, म्हणून तो घरातल्या थंड, हवेशीर, मुलांचा हात न पोचणाऱ्या कपाटात हवा. शेगडीखाली किंवा देवघराजवळ नको. विमानात हे डबे चालत नाहीत, रेल्वेतही नाही. गावी घेऊन जायचं असेल तर टॉर्च न्या आणि डबा तिथे जाऊन घ्या.

डबा रिकामा झाला असं वाटलं तरी हलवून बघा. आत काही डचमळत असेल तर मोकळ्या अंगणात, आसपास विस्तव नसताना, टॉर्चला जोडूनच उरलेला गॅस जाळून संपवा. घरी त्याला भोक पाडायला जाऊ नका. सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात तो तसाच गेला तर पुढे कचरा दाबणाऱ्या गाडीत फुटू शकतो, आणि पालापाचोळ्याच्या ढिगात गेला तर कुणीतरी काडी लावतंच. तो वेगळा ठेवा आणि भंगारवाल्याच्या किंवा सफाई कामगारांच्या हातात देताना हा गॅसचा डबा आहे असं तोंडाने सांगून द्या.